काटकसरीची कात्री नेमकी मराठीवरच का?

फेब्रुवारी-मार्च आला की सीमाभागातील महानगरपालिका आणि नगरपालिकांत अंदाजपत्रकाची लगबग सुरू होते. सभागृहात जाड पुस्तके वाटली जातात, अध्यक्ष भाषण वाचतात, बाके वाजवली जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'शिलकी अंदाजपत्रक मंजूर' असा मथळा येतो. त्या पुस्तकात काय होते, कोणाच्या गल्लीतला रस्ता वाढला आणि कोणाचे गटार वगळले गेले, हे मात्र पुस्तक ज्यांच्या हाती पडले त्यांपैकी कित्येकांना मंजुरीनंतरही ठाऊक नसते. कारण ते पुस्तक त्यांना वाचताच येत नाही.

मराठी प्रत मागितली, की अलीकडे एक नवे उत्तर मिळू लागले आहे. पूर्वी 'राजभाषा कन्नड आहे' असे सरळ सांगितले जाई. त्यात निदान प्रामाणिकपणा होता. आता सांगतात, 'भाषांतराला तरतूद नाही, खर्चात कपात करायची आहे.' या काटकसरीच्या युक्तिवादाचा समाचार घेणे हा आजच्या लेखाचा हेतू आहे. भाषेचा युक्तिवाद भावनेचा असतो म्हणून त्याला भावनेने उत्तर देता येते. पैशाच्या युक्तिवादाला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे, आणि तो हिशेब मांडायची सवय आपल्या चळवळीला फारशी नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. सीमाभागातील एका नगरपालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक बाई शनिवारी संध्याकाळी आमच्या कार्यालयात आल्या. सोबत यजमान, आणि पिशवीत अंदाजपत्रकाचे पुस्तक. सभा सोमवारी होती. म्हणाल्या, "वकीलसाहेब, बाकी कायबी नको. आमच्या गल्लीचं गटार ह्यात हाय काय न्हाय, तेवढं बघून सांगा की." आम्हांला कन्नड वाचता येते, न्यायालयात आमचे रोजचे काम त्या भाषेशीच आहे. तरीही ते गटार शोधायला आम्हांला आणि आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याला तासाभराहून अधिक वेळ लागला, कारण ते मागच्या वर्षीच्या रकान्यात होते आणि चालू वर्षाच्या रकान्यात नव्हते. कामाचे नाव गेले होते आणि रक्कम 'इतर' या मोघम शीर्षाखाली विरघळली होती. बाई काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सोमवारी मी हात वर केला असता, तर माझ्याच गटारावर माती टाकायला हात वर केला असता."

सोमवारी त्यांनी प्रश्न विचारला, तोही मराठीत. उत्तर कन्नडमध्ये आले. अंदाजपत्रक त्याच बैठकीत मंजूर झाले आणि गटार आजही उघडेच आहे. या प्रसंगात कोणी दुष्ट नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. अधिकारी उद्धट नव्हते, पुस्तक दडवलेले नव्हते. सारे काही नियमानुसार झाले, आणि त्या नियमात एका निवडून आलेल्या सदस्येचे मत शून्य झाले.

आता थोडे शब्दांविषयी, कारण या पानांवर ते आलेच पाहिजे. अंदाजपत्रकाला कन्नडमध्ये 'आयव्यय' म्हणतात. हा शब्द मराठी माणसालाही कळतो. पुस्तकातली पहिली ओळ बहुधा 'प्रारंभिक शिल्कु' अशी असते. म्हणजे आपल्या दप्तरातल्या 'शिल्लक' या शब्दाचा सख्खा भाऊच. 'अनुदान' तेच. खर्चाला कन्नडमध्ये 'वेच्च' म्हणतात, आणि आपल्या संतवाङ्मयात 'वेच' हा शब्द खर्चाच्या अर्थाने जागोजाग भेटतो. शेकडो वर्षे शेजारी नांदलेल्या दोन भाषांची ही देवघेव आहे, आणि तिचा आम्हांला आनंद वाटतो. गंमत अशी, की जिथे सामान्य सदस्याला थबकून विचार करायचा असतो, तिथले शब्द नेमके अपरिचित निघतात. कराला 'तेरिगे', तुटीला 'कोरते', बचतीला 'उळिताय'. शीर्षक कळते, तपशील कळत नाही. लिपी वेगळी असल्यामुळे तर ओळखीचा 'अनुदान'सुद्धा अनोळखी होऊन बसतो. 'इतकी वर्षे कर्नाटकात राहता, एवढेही समजत नाही?' असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात आपली माणसे कन्नड बोलतात आणि चांगले बोलतात. लेखाशीर्षांचे कन्नड ही वेगळी भाषा आहे. ती किती कन्नड मातृभाषिक सदस्यांना सहज कळते, हाही प्रश्न विचारण्यासारखाच आहे.

मग पैशाचा मुद्दा. समजा, अंदाजपत्रकाचे पुस्तक शंभर पानांचे आहे. त्यात निम्म्याहून अधिक आकडेच असतात आणि आकड्यांना भाषांतर लागत नाही, तरी तो भाग सोडून देऊ. समजा, भाषांतराला पानामागे 500 रुपये दिले. एकूण 50,000 रुपये झाले. म्हणजे एका कोटीचा अर्धा टक्का. बेळगाव महानगरपालिकेचे अंदाजपत्रक शेकडो कोटींचे असते. शिवाय लेखाशीर्षे दरवर्षी जवळजवळ तीच राहतात. एकदा नीट भाषांतर झाले की पुढच्या वर्षी बदललेल्या ओळींचेच काम उरते. एवढ्या खर्चाला 'परवडत नाही' म्हणणारी संस्था स्वागताच्या हारांवर, भेटवस्तूंवर आणि अभ्यासदौऱ्यांवर काय खर्च करते, ते तिच्याच पुस्तकात पाहावे. ज्याला वाचता येते त्याला दिसते.

राज्य सरकारच्या काटकसरीविषयी तर बोलायलाच नको. 2012 साली उद्घाटन झालेली सुवर्ण विधानसौध बेळगावात उभी आहे. वर्षातून एक हिवाळी अधिवेशन, बहुधा दहा-बारा दिवसांचे. बाकी वर्षभर तिची देखभाल चालूच. बेळगाववर हक्क सांगण्यासाठी इतका खर्च करणाऱ्यांनी बेळगावकरांना त्यांच्या पैशाचा हिशेब समजावा म्हणून शंभर पाने छापण्यापूर्वी खिसा चाचपावा, हे विसंगत आहे. इतपतच म्हणतो.

काटकसर भाषेपाशीच का थांबते, याचे एक तांत्रिक कारणही आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. महानगरपालिकेच्या हातात मोकळा पैसा फार थोडा असतो. केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला असतो. कर्नाटकात 24.10 टक्के निधी अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तो तसाच राहिला पाहिजे, त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पगार, वीज, कंत्राटदारांची देणी टळत नाहीत. उरते ते छपाई, ग्रंथ, सांस्कृतिक कार्यक्रम, नागरिकांना माहिती. कात्री तिथेच चालते, कारण तिथे ओरडणारा कोणी नसतो. मराठी प्रतीची मागणी वर्षातून एकदा तोंडी होते आणि बैठक संपली की संपते. लेखी तरतूद मागायची असते ती अंदाजपत्रकाच्या तयारीच्या वेळी, करनिर्धारण, अर्थ व अपील स्थायी समितीपुढे. ती मागणी तिथे पोहोचतच नाही.

आता कर कोण भरतो ते पाहू. मालमत्ताकराच्या पावतीवर कराखेरीज उपकर असतात: आरोग्य उपकर 15 टक्के, ग्रंथालय उपकर 6 टक्के, भिक्षुक उपकर 3 टक्के. ज्याचा कर 5,000 रुपये, तो ग्रंथालयासाठी 300 रुपये देतो. 1965 च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने हा उपकर आला. हा पैसा महानगरपालिकेचा नव्हेच. तिने तो गोळा करून ग्रंथालय प्राधिकरणाकडे द्यायचा असतो. शहापूर, वडगाव, खासबागेतला विणकर हा उपकर भरतो, अनगोळचा शेतकरी भरतो. त्या बदल्यात त्यांच्या भागातल्या सरकारी वाचनालयात मराठी पुस्तके किती येतात, मराठी दैनिके किती येतात, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या चर्चेत विचारलेला आम्ही तरी ऐकला नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवले म्हणून या शहरात मराठी ग्रंथ टिकले. लोकांनी वाचनालय चालवावे आणि उपकरही भरावा, असा हा दुहेरी कर झाला.

आणखी एक लहानशी गोष्ट. एप्रिल महिन्यात मालमत्ताकर भरला तर 5 टक्के सूट मिळते; मुदत उलटली की व्याज लागते. ही सूचना ज्याला वाचता येते तो सूट घेतो. ज्याला येत नाही त्याला मुलाने किंवा शेजाऱ्याने सांगितले तर ठीक, नाहीतर जूनमध्ये कळते. भाषा न कळण्याची किंमत रुपयांत मोजता येते ती अशी. भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. भाषांतर नसल्याचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, तो घराघरांत विखुरलेला असतो.

कायद्याची बाजू नीट सांगितली पाहिजे, वाढवून नव्हे. 1981 च्या कायद्याने कर्नाटकातील स्थानिक संस्थांच्या कारभाराची भाषा कन्नड ठरली आहे. ते आम्ही अमान्य करून चालणार नाही. घटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेलच, असे त्या अनुच्छेदात म्हटलेले नाही. 1956 च्या केंद्रीय निवेदनाने आणि 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरवले, की एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्य 15 टक्के वा अधिक असतील तर महत्त्वाचे कायदे, नियम, सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. 2011 च्या जनगणनेत साऱ्या बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषिक 18 टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे संपूर्ण जिल्हा धरला तरी निकष पूर्ण होतो, शहर किंवा खानापूर तालुका वेगळा मोजण्याचीही गरज नाही. पण हे निवेदन म्हणजे आश्वासन आहे, कायदा नाही. ते दाखवून न्यायालयात हुकूम मिळवणे कठीण. आमच्या सभांत ते हुकमाच्या पानासारखे फेकले जाते, ते चूक आहे.

ज्या कायद्याकडे आपले लक्ष गेले नाही तो माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा. त्याच्या कलम 4 मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणीही न मागता स्वतःहून जी माहिती प्रसिद्ध करायची तिची यादी आहे, आणि त्या यादीत अंदाजपत्रक आहे. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात ही माहिती कशी पोहोचवायची ते सांगितले आहे: खर्चाचा किफायतशीरपणा, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काचे सर्वांत परिणामकारक साधन लक्षात घेऊन. संसदेने इथे 'राजभाषा' हा शब्द वापरला नाही, 'स्थानिक भाषा' म्हटले आहे. याच कायद्यात माहितीचा अर्ज कोणत्या भाषेत करावा हे सांगताना मात्र 'त्या भागाची राजभाषा' असे शब्द आहेत. एकाच कायद्यात दोन ठिकाणी दोन शब्द येतात, तेव्हा त्यांचे अर्थ दोन असतात, हा अर्थनिर्णयाचा पहिला धडा. वडगावातली स्थानिक भाषा कोणती हे ठरवायला आयोग नेमावा लागणार नाही. किफायतशीरपणाही त्याच वाक्यात आहे, म्हणून अधिकारी त्या शब्दाचा आधार घेतील. त्यांना वरचा 50,000 रुपयांचा हिशेब दाखवावा.

अतिरिक्त भाषा वापरली म्हणजे राजभाषेचा भंग होतो काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2025 रोजी दिले आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूही होती. एका माजी नगरसेविकेने त्याला आव्हान दिले. महाराष्ट्राच्या 2022 च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्यानुसार मराठीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही, असे म्हणणे होते. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी ते फेटाळले: कायदा मराठी आवश्यक करतो, पण दुसऱ्या भाषेला मनाई करत नाही. हा निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे, कर्नाटकाच्या कायद्याची शब्दरचना वेगळी वाचावी लागेल. पण त्यामागचे तत्त्व आपल्या बाजूचे आहे. मात्र हा निकाल हाती घेताना एक गोष्ट गिळावी लागते. पातूरमध्ये अल्पसंख्य भाषेच्या विरोधात मराठीचे नाव पुढे केले गेले होते. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा उर्दूच्या बाजूने चार ओळी लिहिल्या? आम्हीही लिहिल्या नव्हत्या.

उलट, महाराष्ट्राकडे दाखवण्यासारखेही आहे. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवत आली आहे. कन्नड शाळांचा खर्च मुंबईचा करदाता देतो. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमे आहेत. बडोद्यातही पालिकेच्या मराठी शाळा आहेत. कर्नाटकात प्राथमिक शाळा राज्याच्या शिक्षणखात्याकडे असल्यामुळे ही तुलना शाळांपुरती लागू करता येणार नाही. पण पालिकेने आपल्या तिजोरीतून दुसऱ्या भाषेसाठी पैसा काढला म्हणून मुंबईत मराठी बुडाली नाही आणि सुरतेत गुजराती बुडाली नाही, एवढे सिद्ध व्हायला हरकत नाही.

राहिला आपला दोष. 2005 च्या नोव्हेंबरात सीमाप्रश्नावरील ठरावामुळे बेळगावचे सभागृह बरखास्त झाले, महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले. 2011 च्या डिसेंबरात काळ्या दिनाच्या फेरीवरून पुन्हा बरखास्ती झाली. 2019 च्या मार्चमध्ये मुदत संपली, 2021 च्या सप्टेंबरात निवडणूक झाली आणि नवा महापौर मिळाला तो 2023 च्या फेब्रुवारीत. मधली किमान तीन अंदाजपत्रके लोकनियुक्त सभागृहापुढे आलीच नाहीत, प्रशासनानेच मंजूर केली. या प्रत्येक अन्यायाविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो, आणि उतरलो ते योग्यच. परंतु सभागृह आपल्या बहुमताचे होते त्या वर्षांतही अंदाजपत्रकावर तासभर अभ्यासपूर्ण चर्चा केल्याचे प्रसंग किती? ध्वजावर आम्ही भांडलो, फलकावर भांडलो, येळ्ळूरच्या फलकासाठी गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या. लेखाशीर्षावर कोणी भांडले नाही. 1 नोव्हेंबरला हजारो लोक जमतात. अंदाजपत्रकाच्या दिवशी प्रेक्षकसज्जा रिकामा असतो. 2021 मध्ये 58 पैकी 35 जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, आणि त्या बाकांवरही मराठी आडनावे पुष्कळ आहेत. त्यांनी मराठी प्रत मागू नये असे कोणत्या पक्षाच्या घटनेत लिहिले आहे? गटार पक्षाचे नसते. सदस्य सत्ताधारी असो वा विरोधी, न वाचलेल्या पुस्तकावर सही करणे त्याला शोभत नाही. आमच्या अशिलांना आम्ही तसे कधी करू देत नाही.

निवडणुकीला उभे राहण्यासाठी घटनेने भाषेची परीक्षा ठेवलेली नाही. कर्नाटकात नागरी संस्थांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्यामुळे शिवणकाम सोडून, दुकान सोडून, शेत सोडून बायका सभागृहात आल्या. हा मोठाच बदल होता. त्यांच्या हाती न वाचता येणारे पुस्तक ठेवले, की त्यांच्या जागी त्यांचे यजमान, अधिकारी किंवा कंत्राटदार बोलू लागतात. मराठीची कात्री अशी दुसरीकडेही कापत जाते.

'उद्या उर्दूत मागतील, परवा कोंकणीत, किती भाषांत छापायचे?' असे विचारले जाते. निकष 15 टक्क्यांचा आहे. जी भाषा तो पूर्ण करील तिला मिळावे, आणि एखाद्या नगरपालिकेत उर्दू तो पूर्ण करीत असेल तर त्या मागणीवर आमचीही सही असेल. कन्नड प्रत मूळ आणि अधिकृत राहावी, मतभेद झाल्यास तीच ग्राह्य धरावी. मराठी प्रत माहितीसाठी असावी, सदस्यांना सभेआधी किमान सात दिवस मिळावी आणि संकेतस्थळावर दोन्ही ठेवाव्यात. आमची मागणी एवढीच आहे.

येत्या अंदाजपत्रकासाठी महानगरपालिका नागरिकांच्या सूचना मागवील तेव्हा देण्याचे निवेदन आम्ही तयार केले आहे. त्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 चा आधार, 1956 च्या निवेदनाचा संदर्भ आणि भाषांतराच्या खर्चाचा तक्ता आहे. निवेदन मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत केले आहे, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला भाषांतराचा खर्च पडणार नाही. खानापूर, निपाणी आणि बेळगावच्या प्रत्येक प्रभागातून ते जावे, पोच घ्यावी, पोचेवर शिक्का आणि तारीख पाहूनच घरी जावे.